मुशीचं तेल आणि मागचं दार

आमच्या ह्यांना घरी ठेवायचं की लांब पाठवायचं, ते शेवटी आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या दोन दारांवर येऊन अडलं. झालं तसं लिहून ठेवते. बोलायला मला जमत नाही. कोळीण असून मी कधी पाटी घेऊन बाजारात बसले नाही. सासूबाई म्हणायच्या, हिला मासळी विकायला बसवली तर गिऱ्हाईक फुकट घेऊन जाईल आणि वर हीच त्याला थँक्यू म्हणेल. म्हणून मी पहिल्यापासून कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. तिथे मान खाली घालून हात चालवला की कोणी काही विचारत नाही.

हे बोटीवर तांडेल होते. बाकीचे खलाशी ह्यांच्या शब्दावर चालायचे, जाळं कुठे टाकायचं ते हे सांगायचे. गुडघे गेले तेव्हा बोट विकली. त्यानंतर हळूहळू विसरायला लागले. आधी पानाचा डबा कुठे ठेवला ते, मग गल्ली, मग मुलाचं नाव. मुलाला हे आता त्याच्या काकाच्या नावाने हाक मारतात. तो काका कधीच वारला. मुलगाही ओ देतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा आजार मागे फिरत नाही, पुढेच जातो, औषध फक्त थोडं सावकाश करील.

ह्यांचं एकच होतं, किनाऱ्यावर जायचं. आमचं घर मढला, पाणी चार पावलांवर. हे लुंगी वर खोचून पाण्यात शिरायचे, विकलेल्या बोटीकडे जायला. मी अडवायला गेले की ढकलायचे. रागाने नाही, वाटेतलं पिंप बाजूला करावं तसं. डोकं गेलं तरी ताकद तांडेलाचीच राहिली. एकदा मी खडकावर पडले आणि मनगट मोडलं. तेव्हा मुलगा म्हणाला की आता तू एकटी ह्यांना आवरू शकत नाहीस, मी कामावर असतो, काहीतरी ठरवायला पाहिजे.

त्याने चौकशी केली. अंधेरीला एक जागा होती, अशा विसरलेल्या माणसांना दिवसभर सांभाळायची. सकाळी सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. तिथे दोन दणकट माणसं होती, गोड बोलून आवरणारी. मुलाचं कामही अंधेरीलाच, वेळा जुळत होत्या. तिथल्या बाईंनी ह्यांना बघितलं आणि म्हणाल्या, घेऊ, पण रोज इथपर्यंत सुखरूप आणणं तुमच्याकडे.

घरी आल्यावर मुलगा जेवताना म्हणाला, "हे जमलं तर बाबा रात्री आपल्याकडेच. नाय जमलं तर मनोरच्या पुढे एक आश्रम हाय, तिथे कायमचं ठेवायचं. मी बोलून ठेवलंय, आये. तुला आधीच सांगतो."

मी भात वाढला. आश्रम कसा आहे ते विचारायचं होतं, विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला की चांगली जागा आहे, शेतं आहेत, झाडं आहेत. समुद्राचं त्याने काही सांगितलं नाही आणि मला कळलं की तिथे समुद्र नाही.

आता ह्यांना अंधेरीला न्यायचं कसं? आमच्या इथून सगळ्यात सोपं म्हणजे फेरीबोट. जेट्टीवरून बसलं की पान चघळून होईपर्यंत माणूस वर्सोव्याला. मुलाने एक दिवस तसंच नेलं, मीही बरोबर होते. हे बोटीत चढले ते सरळ सुकाणूपाशी गेले आणि बोटवाल्याला म्हणाले, "तू बाजूला हो, तुला भरती कळत नाय." लोक हसले. बोटवाला आमच्याच गावचा, तोही हसला आणि एक हात लावू दिला. पण पलीकडे उतरायची वेळ आली तेव्हा हे उतरेनात. म्हणाले, बोट सोडून तांडेल जातो काय? दोघांनी उचलून उतरवलं. ह्यांचे पाय हवेत होते आणि लोक आता हसत नव्हते. मुलगा म्हणाला, रोज हे होणार नाही.

रिक्षात बसवलं तर मालवणीच्या सिग्नलला हे सहज उतरून चालायला लागले. रिक्षाला दार कुठे असतं?

मग राहिली आमची गाडी. जुनी, चौकोनी, चार दारांची. बोट असताना बाजारात मासळी पोचवायला घेतली होती. सीट कितीदा धुतल्या तरी वास राहिला. मुलगा कधीतरी चालवायचा. तिच्या दारांना खिडकीच्या कडेला वर-खाली होणारं एकेक बटण आहे. खाली दाबलं की दार आतून-बाहेरून उघडत नाही, वर ओढलं की उघडतं. आताच्या गाड्यांत ते सगळं चालवणाऱ्याच्या हाताशी असतं म्हणतात. आमच्या गाडीत ज्याचं त्याने दाबायचं. पण आमची बटणं दाबली जायचीच नाहीत. अर्ध्यात अडकायची. एक तर खड्डा आला की आपोआप उडी मारून वर यायचं.

पहिल्या दिवशी मुलाने मागचं दार दोरीने बांधलं. दाराचा हँडल आणि पुढची सीट, मध्ये चांगली घट्ट गाठ. मार्वे रोडला लागायच्या आत ह्यांनी ती सोडवली आणि दोरीची नीट गुंडाळी करून मांडीवर ठेवली. मुलगा परत आला तेव्हा डोक्याला हात लावून हसत होता. म्हणाला, "माझं नाव आठवत नाय, पण गाठ बरोबर आठवते." तो हसला तसे हेही हसले. आम्ही तिघं गाडीपाशी उभं राहून हसलो. असं परत झालं नाही म्हणून ते लिहिलं.

मग रविवारी गाडी चारकोपला नेली. तिथे गाळ्यांच्या वसाहतीत मुलाच्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे. ह्यांना घरी एकटं सोडता येत नव्हतं म्हणून आम्ही सगळेच गेलो. गॅरेजवाला मालवणकडचा, तोंडाने फटकळ. त्याने मागच्या एका दाराचा काच फिरवायचा हँडल काढला, दोन-तीन स्क्रू काढले, आतला रेक्झिनचा पुठ्ठा पट्टीने हळूहळू उचकटला. पुठ्ठा सुटला तसा असा वास आला की शेजारच्या गाळ्यातला माणूस बाहेर येऊन बघू लागला.

"काकी, दारात मासळी शिजवलात की काय?" गॅरेजवाला मला म्हणाला.

मी पदर तोंडाला लावला. मुलाने सांगितलं, बाबा लॉकमध्ये तेल घालायचे. मुशीचं.

"तरीच. वाट लागलीय. हे तेल नाय राहिलं, डिंकासारखा सरस झाला ह्याचा."

त्याने लॉकचा लोखंडी डबा बाहेर काढून दाखवला. आत पिवळं-तपकिरी, काचेसारखं चकचकीत काहीतरी बसलं होतं. नखाने ओरखडलं तर पापुद्रा निघत होता. त्यात बारीक वाळू, एक मुंगी, आणि कोंबडीच्या पिसाचा तुकडा.

ते पीस मी ओळखलं. आमच्याकडे मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल काढून ठेवायचे. नारळी पुनवेच्या आधी बोट वर ओढलेली असते तेव्हा तिला ते तेल देतात. लाकडावर ते वाळतं आणि कातडीसारखं बसतं, मग खारं पाणी आत शिरत नाही, कीड लागत नाही. बोटीला दिल्यावर जे उरायचं ते हे घरभर लावत फिरायचे. दाराची बिजागरी, सायकलची चेन, माझी कोळंबीची सुरी. कोंबडीचं पीस तेलात बुडवायचं आणि जिथे फट दिसेल तिथे घालायचं. दर वर्षी गाडीच्या चारही दारांत. आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे. खाऱ्या वाऱ्याला दुसरं औषध नाही असं सगळ्यांचं मत. लाकडावर वाळणं हा त्या तेलाचा गुण, आणि लॉकमध्ये नेमकं तेच नडलं.

हे बाजूला स्टुलावर बसले होते. वास आला तसे उठून आले, लॉक हातात घेतलं, नाकाशी धरलं. "चांगलं तेल हाय," गॅरेजवाल्याला म्हणाले. तो काहीतरी बोलणार होता, मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, हो बाबा, एक नंबर.

त्याने ते एक लॉक थिनरमध्ये भिजवून, घासून, मोकळं करून बसवलं. तेवढ्यातच दुपार गेली. बाकीच्या तीन दारांना गाडी ठेवून जावी लागेल म्हणाला, आणि नवीन लॉक ह्या गाडीला आता कुठे मिळत नाहीत. मुलाने विचारलं, घरी करता येईल का? तो म्हणाला, न यायला काय झालं, साफ तर करायचंय, पण चिकाटी पाहिजे. आणि एक गोष्ट त्याने सांगितली. माणूस आत बसलेला असताना बटण वर ओढणारच, लॉक कितीही चांगलं असलं तरी. म्हणून मागच्या दारांच्या बटणांच्या टोप्या काढून टाका. टोपी नसली की दाबल्यावर आतली सळई पूर्ण खाली जाते, बोटाला लागत नाही. उघडायच्या वेळी वाकवलेल्या तारेने वर घ्यायची. काच फिरवायचे हँडलही काढा, काच दोन बोटं उघडी ठेवा, म्हणजे हवा राहील. पण लॉक स्वच्छ पाहिजे. जरा जरी चिकट राहिलं तर सळई वर राहील आणि मग काही उपयोग नाही.

हे सगळं तो ह्यांच्यासमोर सांगत होता. हे ऐकत होते, मान हलवत होते, दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय तसे.

उरलेली तीन दारं मी केली. मुलाला वेळ नव्हता आणि मला कोणाला बोलवायची लाज वाटत होती. गॅरेजवाल्याने काढताना मी सगळं बघितलं होतं. हँडलच्या मागे एक तारेची क्लिप असते, ती उडून हरवते, म्हणून खाली ओढणी पसरायची. पुठ्ठ्याच्या कडेच्या क्लिपा जुन्या झाल्यात, जोर केला तर तुटतात. आत प्लॅस्टिकचा कागद, तो फाडायचा नाही. मग सळया. एक बटणाकडून येते, एक आतल्या हँडलकडून, दोन्ही लॉकला जोडलेल्या. आधी डिझेलमध्ये ठेवून बघितलं, काही झालं नाही. बोट रंगवणाऱ्यांकडून थिनर आणला, त्यात रात्रभर ठेवल्यावर तो सरस मऊ झाला. कोळंबीची शीर काढतात तशी सुरीच्या टोकाने मी तो काढला. ह्या कामाला माझा हात बरा होता. मोडलेलं मनगट दुखायचं, पण जमलं.

तिन्ही दारं झाली तेव्हा मुलाने मागच्या बटणांच्या टोप्या काढल्या आणि म्हणाला, कोणीतरी आत बसून बघायला पाहिजे. मी बसले. त्याने दोन्हीकडच्या सळया खाली दाबल्या, दारं लावली, पुढची दारं चावीने लावली. तेवढ्यात त्याला फोन आला. आमच्या गल्लीत रेंज नसते, तो बोलत बोलत जेट्टीच्या बाजूला गेला.

मी हँडल ओढला, दार उघडलं नाही. सळईच्या भोकात नख घातलं, काही लागलं नाही. पुढच्या दाराच्या बटणापर्यंत माझा हात पोचत नव्हता. पक्कं झालं होतं. मला बरं वाटलं. मग ऊन वाढलं. मासळी सुकवायला निघालेल्या दोन बायका गाडीजवळून गेल्या, मला हाक मारता आली नाही. काय सांगणार होते, मी गाडीत कोंडून घेतलंय म्हणून? घाम डोळ्यांत जाऊ लागला. काचेच्या फटीला तोंड लावून बसले. हे काय करणार आहोत आपण, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

हे घरातून बाहेर आले. गाडीपाशी थांबले, काचेतून आत वाकून बघितलं.

"कोणाची गो तू?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्याच घरची."

"आत कशाला बसलीस?"

"दार लागतं का बघते."

ह्यांनी बाहेरून दार ओढून बघितलं. उघडलं नाही. परत ओढलं. मग म्हणाले, "लागलं," आणि तिथेच उभे राहिले. काचेच्या फटीतून ह्यांनी दोन बोटं आत घातली. मी धरली. मुलगा येईपर्यंत आम्ही तसेच होतो. मी कोण ते ह्यांना तेव्हा आठवलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

सोमवारपासून हे जायला लागले. सकाळी मी ह्यांना आंघोळ घालून, टोपी घालून मागे बसवायची. मुलगा सळया दाबायचा. हे हँडल एकदा ओढायचे, नाही उघडलं की गप्प बसायचे. संध्याकाळी येताना दमलेले असायचे, जेवायचे आणि झोपायचे. पाण्याकडे जाणं कमी झालं. तिथल्या बाई मुलाला म्हणाल्या की बाबांनी आमच्या पडद्यांच्या सगळ्या दोऱ्या नवीन गाठी मारून बांधल्या, आता आम्हालाच सुटत नाहीत. मी शेडमध्ये ते एकीला सांगितलं. मी काहीतरी सांगतेय ह्याचंच तिला नवल वाटलं. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की असंच चालेल. हे दिवसा तिकडे, रात्री इकडे, शेवटपर्यंत.

दिवाळी होऊन गेली. मग एक दिवस मुलगा दुपारीच घरी आला. हे बरोबर होते. ह्यांच्या पायात एकच चप्पल होती.

लिंक रोडला सिग्नलच्या गर्दीत मागचं दार उघडून हे उतरले होते. मुलाला दार वाजल्याचं कळलं तोपर्यंत हे दोन बसच्या मधून पलीकडे. त्याने गाडी रस्त्यात तशीच टाकली आणि धावला. मागून लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या घालत होते. हे सापडले ओशिवऱ्याच्या नाल्याच्या पुलावर. कठड्याला धरून उभे होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला खालचं काळं पाणी दाखवून सांगत होते की ओहोटी लागली, आता बोट रुतणार. एका बाइकवाल्याला अचानक ब्रेक मारावा लागला होता, तो पडला होता. त्याला जास्त लागलं नव्हतं.

मुलगा उंबऱ्यात बसला. बराच वेळ त्याने पाणी घेतलं नाही.

"आये, आता मी नाय नेणार," तो म्हणाला. "आज तो पोरगा मेला असता. नायतर बाबा. माझ्याच्याने हे नाय होत."

मी म्हणायला हवं होतं की दार मी परत साफ करते, परत बघू. जिभेवर होतं. पण त्या बाइकवाल्याची आईही कुठेतरी असेल. मी ह्यांचे पाय धुतले. एका पायाला काच लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मनोरच्या आश्रमात फोन केला. पुढच्या रविवारी आणा म्हणाले.

दार का उघडलं ते मला बघायचं होतं. मी मागच्या डाव्या दाराचा पुठ्ठा काढला. आत लॉकवर ताजं तेल होतं. थरावर थर. खालचे थर वाळून घट्ट झाले होते, वरचा अजून बोटाला चिकटत होता. सळई नखभर वर राहत होती, बोटाच्या चिमटीत येईल एवढी. भोकाच्या कडेला पांढरं पीस अडकलं होतं.

मग मी जाळी ठेवायच्या खोपीत गेले. जुन्या जाळ्यांच्या मागे मुशीच्या तेलाचा पत्र्याचा डबा होता. बोट विकली तेव्हाच तो संपला असं मी धरून चालले होते. डब्यात दोन-तीन पिसं उभी करून ठेवलेली. संध्याकाळी घरी आल्यावर हे जरा वेळ गाडीपाशी रेंगाळायचे. पाण्याकडे जात नाहीत ह्याच आनंदात मी असायची आणि चुलीपाशी जायची. नावं गेली, गल्ली गेली, मी गेले, आणि गाडीच्या दारात तेल घालायचं तेवढं राहिलं होतं. पहिले काही आठवडे तेल पातळ होतं म्हणून दार उलट जास्तच छान लागायचं. मुलगाही म्हणाला होता, आये, कसलं झकास केलंस गं तू.

मी त्याला डब्याचं सांगितलं. म्हटलं, डबा फेकून दिला की परत तसं होणार नाही. एवढं मी बोलले. तो म्हणाला, डबा फेकशील, खोबरेल घालतील. तेही नाय मिळालं तर डाळीला फोडणी घालायचं घालतील. तू किती ठिकाणी लपवशील? मी म्हटलं, मी गाडीत बसत जाईन ह्यांच्याबरोबर रोज. तो म्हणाला, आणि तुला ढकललं तर? तो चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

आश्रमापर्यंतचा रस्ता लांबचा, हायवेचा, ट्रकांचा. त्या एका दिवसासाठी तरी दार लागायला हवं होतं. मुलाने मला सांगितलं नाही, पण शनिवारी सकाळी त्याने थिनरची बाटली आणून पायरीवर ठेवली आणि तो आत गेला.

मी परत दोन्ही दारं उघडली. हाताला आता सवय झाली होती, पहिल्यासारखा वेळ लागला नाही. पहिल्या वेळी मी हे काम ह्यांना घरी ठेवायला केलं होतं. तेच स्क्रू, तीच क्लिप, तीच सुरी. मध्येच वाटलं, सळई जराशी वर राहू द्यावी. कोणाला कळणार होतं? मग तो पूल आठवला, आणि मी नीट साफ केलं. पुठ्ठा बसवला. सळई दाबून बघितली, पूर्ण खाली गेली.

हे खोपीतून आले. हातात डबा होता आणि पीस. माझ्याशेजारी उकिडवे बसले, गुडघे कुरकुरले. दाराच्या कडेला लॉकचं तोंड असतं तिथे बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. शेडमधल्या मुकादमाने कोळंबीची टोपली बघून मान हलवावी तशी मान हलवली.

"सुकं हाय गो," हे म्हणाले. "घालू?"

मी म्हटलं, "घाला."

ह्यांनी पीस बुडवलं, डब्याच्या काठाला निथळवलं, एक थेंब बाहेर सांडू न देता आत फिरवलं. मग दुसरं दार, मग पुढची दोन. ते तेल चिकट व्हायला महिना तरी लागतो. आम्हाला उद्या जायचं होतं.

रविवारी मी ह्यांच्याबरोबर मागे बसले. मुलाने पुढून वाकून दोन्ही सळया दाबल्या. ह्यांनी हँडल ओढून बघितलं, मग बाहेर बघत बसले. वसईच्या खाडीचा पूल आला तेव्हा ताठ झाले आणि इथे पाणी किती वाव खोल असेल म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, खोल हाय बाबा. पूल संपला. नंतर नुसते डोंगर, टायरची दुकानं, ढाबे. ह्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

आश्रमाच्या फाटकात एक माणूस उभा होता. मुलाने तारेने सळई वर घेतली, त्या माणसाने बाहेरून दार उघडलं. हे उतरले. इकडे-तिकडे बघितलं, भाताची कापलेली शेतं, लांब डोंगर. वारा कुठून येतोय ते बघायला हे तोंड फिरवतात तसं फिरवलं. मग त्या माणसाला म्हणाले, "बोट कुठे लावलीय?"

त्याला सवय असावी. "आत आहे ना बाबा," तो म्हणाला. "चला, दाखवतो."

हे लगबगीने त्याच्या मागून निघाले. गुडघे दुखत असूनही. मागे बघितलं नाही. मुलगा कपड्यांची पिशवी घेऊन आत गेला आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने आला. मी गाडीतच बसून होते. मला उतरायला जमलं नाही. तो म्हणाला, बाबांनी चहा घेतला, खिडकीपाशी बसलेत.

गाडी चालू करायच्या आधी तो सवयीने मागे वाकला आणि माझ्या बाजूची सळई खाली दाबली. मग त्याच्या लक्षात आलं. तो तार शोधायला लागला, सीटखाली हात घालून चाचपू लागला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"राहू दे," मी म्हटलं. "घरी गेल्यावर काढ."